उन्हातला कॅमेरा, सावलीतली फिल्म

(तिगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते हाडाचे छायाचित्रकार होते. त्यांच्या घरच्यांनी मला एकच अट घातली : गौरवाचं भाषण नको, कामाचं बोला. म्हणून विषय कामाचाच घेतला आहे. उघड्यावर फोटो काढताना फिल्म आणि कॅमेरा उन्हापासून कसे राखायचे, आणि फोटो काढून झाल्यावर त्यांचं काय करायचं. समोर लग्नाचे फोटो काढणारी तरुण मुलं दिसतात, संत्र्याचे बागायतदार दिसतात, रेल्वेत नोकरी केलेले काका दिसतात. आज या तिघांकडूनही मला काही घ्यायचं आहे.

आधी आपलं ऊन मोजू. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चव्वेचाळीस-पंचेचाळीस झाले तरी कुणी दचकत नाही. पण हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो हे आपण विसरतो. तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, हवेशीर ठेवलेला असतो. तुमची काळी कॅमेराबॅग त्या पेटीत नसते. ती मंडपाच्या कडेला, जीपच्या मागच्या सीटवर, नाहीतर रुळाच्या गिट्टीवर पडलेली असते. २०२४च्या मे अखेरीला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. नंतर तो संवेदकाचा दोष निघाला. हवेचा तो आकडा खोटा ठरला, पण त्याच दुपारी उन्हात ठेवलेल्या एखाद्या काळ्या कॅमेऱ्याच्या पाठीला हात लावला असता तर छप्पन्न कमीच वाटले असते.

बंद गाडीचं गणित तर सरळ आहे. उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या गाडीतलं तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून जास्त चढतं, आणि त्यातला बहुतेक चढ पहिल्या अर्ध्या तासातच होतो. बाहेर त्रेचाळीस असतील तर आत साठीच्या पुढे. ‘दोन घास खाऊन येतो’ म्हणून गाडीत ठेवलेल्या रोलला तेवढा वेळ पुरतो.

आता ऊन फिल्मचं नेमकं काय बिघडवतं ते पाहू, कारण काय होतं हे कळल्याशिवाय काळजी घेता येत नाही. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या संयुगांचे बारीक कण बसवलेले असतात. उजेड पडला की त्या कणांवर न दिसणारा ठसा उमटतो आणि रोल धुतल्यावर तो दिसू लागतो. उष्णता या थरात हळूहळू ढवळाढवळ करते. उजेड न लागलेले कणही धुताना काळे होऊ लागतात आणि निगेटिव्हवर धुकं चढतं. न वापरलेल्या फिल्मची संवेदनशीलता उतरते. रंगीत फिल्ममध्ये एकावर एक रंगांचे थर असतात आणि ते एकाच चालीने म्हातारे होत नाहीत. म्हणून तापलेल्या रोलमध्ये नवरीचा शालू एका रंगाकडे झुकतो आणि सावल्या भलत्याच रंगाकडे. प्रिंट करताना एक सावरावा तर दुसरा बिघडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उमटलेला ठसाही टिकत नाही. फोटो काढून रोल तसाच गरमीत पडू दिला, तर ठसा फिका होत जातो.

इथे बागायतदारांना एक सांगतो. उजेड लागलेली फिल्म तोडलेल्या संत्र्यासारखी असते. झाडावर आहे तोवर फळाला वेळ असतो, तोडलं की घड्याळ सुरू होतं. तोडणीनंतर फळांचा ढीग उन्हात कुणी ठेवत नाही. आंबिया बहराचं फळ असो की मृगाचं, आधी सावली गाठली जाते. रोलचंही तसंच : काढला की सावलीत, आणि शक्य तितक्या लवकर धुवायला.

मला सांगायचं ते एवढंच आहे. ऊन फिल्मला एका फटक्यात मारत नाही. नुकसान तापमानाने होतं तितकंच वेळेनेही होतं. पाच मिनिटांचं कडक ऊन फिल्म सोसते. चार महिने टिनाच्या छपराखाली काढलेला उन्हाळा तिला सोसवत नाही. आपण मात्र पाच मिनिटांसाठी छत्री धरतो आणि चार महिन्यांकडे पाठ फिरवतो.

उन्हाशी हा झगडा आपल्याकडे फोटोग्राफीइतकाच जुना आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या काळच्या भारतीय छायाचित्रकारांत अग्रेसर होते. त्या जमान्यात काचेवर कलोडिअन ओतून, ती काच ओली असतानाच फोटो काढायचा आणि ओली असतानाच धुवायची. कलोडिअनमध्ये ईथर असतं आणि ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं. लंडनच्या थंडीत जी काच दहा मिनिटं ओली राहील ती दख्खनच्या उन्हात पाहता पाहता कोरडी पडणार. म्हणून छायाचित्रकार तंबूच्या रूपात अंधारी खोली सोबत घेऊन फिरत. रॉबर्ट गिल यांनी १८६०च्या दशकात अजिंठ्याची छायाचित्रं काढली आणि त्यांपैकी काही १८६४मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्यासोबतच्या पुस्तकात छापली गेली. ती पाहताना लेणी तर पाहाच, पण लेण्यांबाहेरचं वाघूरच्या खोऱ्यातलं ऊनही लक्षात ठेवा.

पुढे जिलेटिनची कोरडी काच आली, मग फिल्म आली, आणि ओली काच बाळगण्याची धांदल संपली. पण जिलेटिन गार पाण्यात फुगतं, कोमट पाण्यात लुसलुशीत होतं आणि गरम पाण्यात विरघळतं. म्हणजे काच वाळण्याची भीती गेली आणि थर सुटण्याची भीती आली.

चलच्चित्राकडे वळू. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. बोटीने, तांबड्या समुद्रातून. तापलेल्या बोटीच्या पोटात आठवडेच्या आठवडे पडून राहणारा तो न दिसणारा ठसा डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडचे रोल नागपूरला बसने जात तेव्हा त्याचीच छोटी आवृत्ती आपण पाहिली आहे. पाकीट ड्रायव्हरच्या हवाली करायचं आणि ड्रायव्हर ते शेजारच्या बॉनेटवर ठेवायचा. जुन्या बसमध्ये त्या बॉनेटखालीच इंजिन असे. रोल शंभर-एक किलोमीटर भाजत जाई.

दादासाहेब फाळक्यांनी ही लांबची वाट टाळली. १९१२मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र घेऊन आले, आणि सगळं काम घरात आणलं. त्या काळी कच्ची फिल्म भोकांविना येत असे. सरस्वतीबाई अंधारात बसून तिला भोकं पाडत. ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रण सूर्याच्या उजेडात होई आणि सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून उन्हात उभ्या राहत, म्हणजे नटांच्या चेहऱ्यावर उजेड परतेल. दिवसाचं काम रात्री घरातच धुतलं जाई. ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो चित्रपट लोकांपुढे आला. फिल्म धुण्याच्या खोलीत आणि चित्रणाच्या जागेत अंतर जितकं कमी तितकं ऊन कमी लागतं. फाळक्यांच्या व्यवस्थेतून आपल्याला हा धडा घेता येतो.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. सेल्युलोज नायट्रेट हे स्फोटकांच्या कुळातलं रसायन. आग लागली तर ती स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याने विझत नाही. त्याहून भयंकर म्हणजे कुजलेली नायट्रेट फिल्म बरेच दिवस ४१ अंशांच्या आसपास राहिली तर आपोआप पेटू शकते. एकेचाळीस! हा आकडा युरोपच्या पुस्तकात धोक्याचा म्हणून लिहिला जातो. आपल्याकडे तो मे महिन्यातला साधा मंगळवार आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जी रिळं आज राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत ती मूळ १९१३ची की १९१७च्या पुनर्चित्रणाची यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आपल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाचीही ही गत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि कितीतरी जुन्या चित्रपटांच्या प्रती जळाल्या. ती आग जानेवारीतली होती. म्हणजे हा माल थंडीतही भरवशाचा नाही.

भारत सरकारने फिल्म बनवण्याचा कारखाना काढला तो उटीला. हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना १९६०ची, उत्पादन १९६७पासून. सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या गार, धूळ नसलेल्या हवेत ‘इंदू’ फिल्म तयार होई. तिथून ती निघाली की मात्र उन्हात पडायची, आणि दुकानाच्या काचेच्या कपाटात, थेट उन्हासमोर, सजवून ठेवली जायची. म्हणून जुने लोक रोल घेताना दुकानदाराला म्हणत, ‘मागचा दे.’ आजही फिल्म वापरणाऱ्या तरुणांनी हेच म्हणावं. शिवाय फिल्म घरात थंड ठेवावी. कंपन्या न उघडलेली फिल्म थोड्या दिवसांसाठी २१ अंशांखाली आणि जास्त दिवसांसाठी १३ अंशांखाली ठेवायला सांगतात. म्हणजे फ्रिज. पण फ्रिजमधून काढलेली डबी लगेच उघडू नये. पस्तीस मिलिमीटरच्या रोलला बाहेरच्या हवेशी जुळायला तास-दीड तास द्यावा, नाहीतर गार फिल्मवर हवेतलं पाणी जमतं.

आता प्रत्यक्ष काम. उन्हात फिल्म गार ठेवायला बर्फाच्या आधी आपल्याकडे एक गोष्ट आहे : कोरडी हवा. मे महिन्यात दुपारी ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचं तापमान २४ अंशांच्या आसपास उतरतं. रत्नागिरीला ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तेच फडकं २९च्या खाली जात नाही. कोकणातला छायाचित्रकार या बाबतीत आपल्यापेक्षा गरीब आहे.

ही श्रीमंती वापरायची पद्धत अशी. माती सच्छिद्र असलेला, आतून-बाहेरून न रंगवलेला एक माठ घ्यायचा. रात्रभर पाण्यात मुरवायचा. सकाळी रिकामा करून त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि गोणपाट भिजवायचं. आत तळाला लाकडाची चकती किंवा उपडी ताटली, म्हणजे रोल ओल्या मातीला टेकणार नाहीत. रोल आपापल्या डब्यांत, डबे घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणीत सिलिका जेलची पुडी. तोंडावर झाकण आणि झाकणावरही ओलं फडकं. माठ कडुनिंबाखाली, पण वारा लागेल असा ठेवायचा, कारण वारा नसेल तर पाणी उडत नाही आणि पाणी उडालं नाही तर गारवा येत नाही. घरात कोंडून ठेवलेला ओला माठ आणि झाडाखाली वाऱ्यावर ठेवलेला ओला माठ यांत चांगलाच फरक पडतो. दर तासा-दीड तासाने गोणपाटावर तांब्याभर पाणी. एवढंच. वाळ्याची टाटी लावून घर गार करणाऱ्यांच्या नातवंडांना हे नव्याने शिकवायची गरज पडू नये.

झाड नाही, वारा नाही, फिरतीचं काम आहे, तर थर्माकोलचा डबा. इथे आरोग्यसेविकांकडून एक युक्ती घ्यावी. लस नेताना त्या बर्फाची पॅकेट फ्रीजरमधून काढून लगेच डब्यात ठेवत नाहीत. आतलं पाणी हलवल्यावर खळखळेल इतकं थोडं वितळू देतात, म्हणजे लस गोठत नाही. फिल्मसाठीही तसंच करावं. गोठलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळावी, आणि रोल वेगळ्या, हवा काढलेल्या पिशवीत. बाटलीला घाम येतो. तो घाम फिल्मपर्यंत पोचला तर उन्हापेक्षा मोठं नुकसान होतं.

कॅमेऱ्याचं काय? काळा कॅमेरा ऊन पितो. वापर नसेल तेव्हा त्यावर पांढरा, कोरडा दुपट्टा टाका. कोरडा म्हणतोय, ओला नाही. ओल फिल्मच्या बरणीबाहेर चालते, कॅमेऱ्यावर नाही. तिवईवर कॅमेरा उभा असेल तर छत्री माणसावर नको, कॅमेऱ्यावर धरा. बॅग जमिनीवर ठेवू नका. गिट्टी आणि डांबर खालून भाजतात. खुर्ची, खाट, झाडाची फांदी, काहीही चालेल.

भिंगं दोन तऱ्हांनी त्रास देतात. जुन्या भिंगांचे काचेचे तुकडे ज्या डिंकाने चिकटवलेले असत तो उष्णतेने मऊ होतो, आणि शटरच्या पाकळ्यांवर आतलं तेल पसरून त्या सुस्त होतात. मग शटर ठरवल्यापेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. मोठ्या दूरदर्शी भिंगांची दुसरी अडचण प्रसरणाची. धातू आणि काच तापून फुगतात, म्हणून अशा भिंगांचं फोकसचं कडं अनंताच्या खुणेच्याही पुढे फिरतं. थंडीत आणि उन्हात अनंत एकाच जागी राहत नाही. कॅननने आपल्या मोठ्या भिंगांना पांढरा रंग दिला तो उन्हाचा हा चटका कमी करायलाच. त्यामुळे उन्हात खुणेवर विसंबू नका, डोळ्यांनी फोकस करा.

एक नुकसान असं आहे की ते एकदा पाहिलं की विसरत नाही. जुन्या लायकासारख्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढे रबर चढवलेल्या कापडाचा पडदा असतो आणि पडद्यापुढे आरसा नसतो. असा कॅमेरा भिंगाचं झाकण न लावता गळ्यात अडकवला, भिंग आभाळाकडे वळलं आणि सूर्य समोर आला, की भिंगाने गोळा केलेलं ऊन पडद्यावर एका बिंदूला जमतं आणि कापडाला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं. लहानपणी बिलोरी काचेने कागद जाळला असेल त्याने हे ओळखावं. भोक तेव्हा दिसत नाही. रोल धुतल्यावर प्रत्येक फोटोत एक ठिपका येतो, निगेटिव्हवर काळा, प्रिंटवर पांढरा. पडदा उघडा असतानाचा उजेड शेकडो पटींनी कमी वेळाचा, पण भोकातून उजेड गळत राहतो तो कॅमेरा हातात असेपर्यंत. उपाय दोन : वापर नसेल तेव्हा झाकण, आणि फोकस जवळ वळवून ठेवणं. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात हा धोका कमी. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात आरसा पुन्हा गेला आणि बिंदू थेट सेन्सरवर पडू लागला. कॅमेरा बदलला तरी बिलोरी काच तीच आहे.

तिगाव-चिचोंडा घाटात गाड्यांचे फोटो काढायला दूरदूरून लोक येतात. मागून जोर लावणारी इंजिनं, सातपुड्याची वळणं, डोंगर चढणारी लांब मालगाडी. पण दुपारी एकला लांब भिंगाने काढलेला फोटो मऊ येतो तेव्हा भिंगाला दोष देऊ नका. रुळावरची हवा तापून डोलते, आणि डोलणाऱ्या हवेतून कितीही महाग भिंग लावा, रेघ सरळ येत नाही. रुळ कुठवर तापतात ते उन्हाळ्यात गस्त घालणाऱ्या रेल्वेच्या माणसांना विचारा. मेमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो. त्यानंतरचे दोन-तीन तास आणि मग संध्याकाळ, एवढंच काम करा. रुळाच्या आसपास जायचं तर परवानगीने, आणि जीव सांभाळून. गाडी पुढच्या वर्षीही जाणार आहे.

जे फिल्म वापरत नाहीत त्यांनी निवांत होऊ नये. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांची काम करण्याची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. अॅपल आयफोनसाठी ३५ अंश सांगते. म्हणजे आपल्याकडे तीन महिने हा माल कंपनीच्या कागदाबाहेर चालतो. सेन्सर जितका तापेल तितका काळ्या भागात दाणा वाढतो. व्हिडिओ सलग चालवला की कॅमेरा बंद पडतो, आणि तो नेमका सप्तपदीला बंद पडतो. उपाय जुनेच : सावली, थोडं थोडं चालवून मध्ये थांबणं, मागचा स्क्रीन कॅमेऱ्याच्या अंगापासून उघडून ठेवणं म्हणजे उष्णता सुटेल. बॅटरी तापलेली असताना चार्जिंगला लावू नका. लिथियमच्या बॅटरीची चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंशांपर्यंतच असते. मेमरी कार्ड मात्र या सगळ्यात कणखर, ८५ अंशांपर्यंत टिकणारं. उन्हाला कार्ड घाबरत नाही, आपणच घाबरून ते वारंवार काढतो आणि धूळ घालतो.

घरी रोल धुणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पुस्तकं २० अंशांचं पाणी सांगतात. मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चाळिशीला टेकतं. त्यात फिल्म घातली तर जिलेटिन फुगून सुरकुततं आणि निगेटिव्हवर तळ्याच्या वाळलेल्या चिखलासारखी जाळी उमटते. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना तापमान एकदम बदललं तरी तेच होतं. म्हणून २० अंशांचा हट्ट सोडा. माठातलं पाणी रात्री चोवीस-पंचवीस अंशांवर मिळतं. डेव्हलपर, हायपो, धुण्याचं पाणी, सगळं त्याच माठातलं घ्या आणि वेळ कमी करा. कंपन्यांचे तक्ते चोवीस अंशांचाही वेळ देतात. तो साधारण वीस अंशांच्या वेळेपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असतो. सगळे टप्पे एकाच तापमानाचे असणं हे नेमक्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. बर्फ हवाच असेल तर तो भांड्याच्या बाहेर, टबात. रसायनात कधीच नाही.

एक सावधगिरी. मी आतापर्यंत जे माठाचं सांगितलं ते मे महिन्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगड फेकण्याची जत्रा, असते. छायाचित्रकार सकाळपासून गच्च्यांवर ताटकळतात. तेव्हा पारा मेइतका नसतो, पण हवा ओलाव्याने भरलेली असते. त्या हवेत ओलं गोणपाट गार होत नाही, उलट माठ दमट होतो. तेव्हा माठ विसरा, थर्माकोलचा डबा आणि सिलिका जेल काढा. निळी सिलिका गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर परतवा, पुन्हा निळी होते. भिंगांवर बुरशी येण्याचा काळ तो हाच. पावसाळ्यात भिंगं चामड्याच्या पिशवीत कोंडू नयेत.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. आपण फोटो काढताना उन्हाची जितकी काळजी घेतो त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही काढलेल्या निगेटिव्हची घेत नाही. नायट्रेटनंतर आलेली ॲसिटेटची फिल्म सहजासहजी पेट घेत नाही, पण सडते. तिच्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो, ती आकसते, वाकडी होते, थर सुटून येतो. २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत हा वास सुरू व्हायला साधारण चाळीस वर्षं लागतात; तापमान पाच-सहा अंश वाढलं की हा काळ निम्म्यावर येतो. आता हिशोब करा. टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर, पोत्यात बांधून ठेवलेल्या निगेटिव्हांचं आयुष्य किती?

पांढुर्णा आणि सौंसर हा भाग राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. नागपूरच्या संग्रहात आपण पूर्ण नाही, भोपाळच्या संग्रहात आपण पूर्ण नाही. आपली लग्नं, पोळे, जत्रा, संत्र्याचे बाजार, शाळांचे वर्गफोटो हे सारं गावोगावच्या स्टुडिओवाल्यांच्या निगेटिव्हांत आहे. ते आपल्याशिवाय कुणी जपणार नाही.

म्हणून एक विनंती करतो. येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे निगेटिव्हचे डबे खाली उतरवा. वास घ्या. आंबूस वास आला तर ते डबे बाकीच्यांपासून वेगळे काढा, कारण हा रोग शेजाऱ्यालाही लागतो. फार जुन्या निगेटिव्हच्या कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल तर ती नायट्रेटची असू शकते; तो डबा घरात ठेवू नका, जाणकाराला दाखवा. बाकी निगेटिव्ह प्लास्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदाच्या पाकिटात घाला, पाकिटावर पेन्सिलीने गाव, साल आणि माणसांची नावं लिहा. आजी-आजोबा अजून ओळखतात तोवरच लिहा. आणि ती पाकिटं तळमजल्यावर, आतल्या, उत्तरेकडच्या, कोरड्या खोलीत ठेवा. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती स्कॅन करावीत. पण स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह फेकू नयेत. ज्यांच्या घरी असे डबे निघतील त्यांनी पुढच्या वर्षीच्या व्याख्यानाला येताना किमान एक पाकीट सोबत आणावं. आपण इथेच, सावलीत बसून, त्यावरची नावं लिहू.